विहिरीपासून सातवी टोपली

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बोरशेतच्या बाजारचौकात फक्कीचा शेवटचा चौकोन आखून झाला. चौकोन चौसष्ट होते. फक्की मारणारा माणूस कंबर धरून उभा राहिला तेव्हा चौसष्टाव्या चौकोनात जना करवंदांची टोपली पुढ्यात घेऊन बसलेली होती. त्याने तिच्या भोवतीनेच रेघ ओढली होती. तिच्या साडीचा काठ पांढरा झाला होता.

"उठ गं मावशे," तो म्हणाला. "हितं वडापाववाला बसणार हाय."

"मग मी कुठं बसू?"

"तुझा नंबर कितवा?"

जनाला नंबर नव्हता. तिने टोपली उचलली आणि गटाराच्या कडेला नेऊन ठेवली. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. पावसाच्या आत चौकात काँक्रीट पडायचं होतं आणि काँक्रीट झालं की याच चौकोनांवर पक्के नंबर पडणार होते. ज्याचा नंबर त्याची जागा. नंबर नसलेल्यांनी बायपासच्या पुलाखाली बसायचं, असं नगरपंचायतीच्या नोटिशीत लिहिलं होतं. पूल दीड किलोमीटर लांब होता. तिथे गाड्या थांबत नव्हत्या.

चौकाच्या एका कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली टेबल टाकून नवीन भोईर बसला होता. वय एकोणतीस, नगरपंचायतीत लिपिक, शेलूहून रोज मोटारसायकलने यायचा. पूर्वापार बसणाऱ्यांची यादी त्याच्याकडे होती. जना रांगेत उभी राहिली. तिचा नंबर यायला पाऊण तास लागला.

"पावती आहे?" नवीनने विचारलं.

"कशाची?"

"बाजार कराची. जुनी. दोन हजार चौदाच्या आधीची कुठलीही चालेल."

"आमाला पावती फाडायचे नाय."

"का?"

"आमी पेठ सारवायचो ना."

नवीनने मान वर केली. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या जन्माच्या सुमारास ते बंद झालं होतं. चौक तेव्हा मातीचा होता. बाजाराच्या दिवशी पहाटे गारवाडीच्या ठाकर बाया डोक्यावर शेणाच्या पाट्या घेऊन डोंगर उतरायच्या, चौक झाडायच्या, सारवायच्या आणि उजाडायच्या आत बाजाराला मोकळा करून द्यायच्या. त्या बदल्यात त्यांना कर माफ होता. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ज्यांनी कर भरला त्यांच्या घरी पावत्या होत्या. ज्यांनी चौक सारवला त्यांच्या घरी काही नव्हतं.

"मावशी, तोंडी काही चालणार नाही," नवीन म्हणाला. "मिठाचं दुकान कुठे होतं ते काल चार म्हाताऱ्या माणसांना विचारलं. चौघांनी चार जागा दाखवल्या."

"मग कशानं चालंल?"

"डोळ्यांना दिसेल असं काहीतरी पाहिजे."

जना जागची हलली नाही. मागचा माणूस पिशवीने तिला ढोसत होता.

"दगड चालंल?"

"कसला दगड?"

"कोयत्यांना धार लावायचा. जमिनीत बसवलेला व्हता, काळा, लांबडा. समद्या गावाचे कोयते तिथंच घासायचे. विहीर ते दगड, मधी सात टोपल्या बसायच्या गारवाडीच्या. सातवी आमची. दगडाला लागून."

"आता कुठे आहे तो?"

"हाय तिथंच. डांबराखाली."

चौकात जुन्या काळातलं एवढंच उरलं होतं: लोखंडी जाळी टाकून बंद केलेली विहीर. जुनी दुकानं बावीस वर्षांपूर्वी पाडली गेली, मागे सरकून नवे गाळे बांधले गेले आणि ते चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. त्यानंतर डांबराचे दोन थर पडले.

"उद्या ये," नवीन म्हणाला. "अर्ज लिहून घेतो. आईला पण आण."

"आयेला दिसत नाय आता."

"ऐकू येतं ना?"

"ते फार येतं."

गारवाडीहून गाडीरस्त्यापर्यंत चाळीस मिनिटांची उतरण आहे. शुक्रवारी सकाळी जनाच्या नवऱ्याने, शुक्राने, सासूला पाठुंगळीला घेतलं आणि दगडांवरून पाय जपत खाली आणलं. अंबाबाईचं वय सत्तरीच्या पुढे, वजन चाळीस किलोच्या आत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. शुक्रा घरजावई होता आणि वाडीत त्यावरून वीस वर्षं टोमणे खात आला होता. सध्या तो चौकाच्याच कामावर होता. ठेकेदाराकडे पहार मारायची, राडारोडा उचलायचा.

"उद्या तू काँक्रीट वतशील आन माझ्या जाग्यावर वतशील," अंबाबाई त्याच्या कानाशी म्हणाली.

"मग सांगा कुठं नाय वतायचं ते," शुक्रा म्हणाला. "तेच इचारायला नेतोय तुमाला."

नवीनने दोघींना खुर्च्या दिल्या. अंबाबाई खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली. मग जनाही खाली बसली. नवीनला टेबलावरून वाकून बोलावं लागलं.

"आजी, विहीर तुमच्या कुठल्या हाताला होती?"

"उजव्या. रहाट सारखा करकरायचा. उजवा कान किटून जायचा माझा."

"डाव्या," जना म्हणाली.

"उजव्या."

"आये, डाव्या गं. मला लख्ख दिसते. डाव्या हाताला विहीर, उजव्या हाताला दगड."

"तू पोर व्हतीस."

"पोर व्हते, आंधळी नव्हते."

जनाने मान खाली घातली. नवीनने पेनाने टेबलावर दोनदा टकटक केली.

"एक मिनिट. तुम्ही बसायच्या कुठे तोंड करून? रस्त्याकडेच ना?"

"मंग काय भिताडाकडं?" अंबाबाई म्हणाली. "गिऱ्हाईक रस्त्यानं येतं का भिताडातनं?"

टेबलाभोवतीची माणसं हसली. नवीनही हसला. त्याने कोरा कागद घेतला, वरच्या कडेला रस्ता काढला आणि मध्ये विहिरीचा गोल. म्हातारीला दिसत नाही आणि मुलगी ठाम आहे, एवढं पाहून त्याने जनाचा जबाब लिहायला घेतला. रस्त्याकडे तोंड केलं तर विहीर डाव्या हाताला, म्हणजे जागा विहिरीच्या उजवीकडे, शाळेच्या अंगाला.

"आता दुकानं सांग."

जना सांगत गेली. आधी मिठाचं दुकान. पोती फळीवर, फळीखाली खारं पाणी गळायचं आणि तिथली माती कधी वाळायची नाही, त्यामुळे सारवण धरायचं नाही. मालक ओरडायचा, पुन्हा सारव. मग दोरखंडाचं. उंबरा काळ्या दगडाचा, उजव्या टोकाला चीर गेलेली. सारवताना चिरेत बोट घातलं की आत थंड लागायचं. वर दावणी टांगलेल्या, वाऱ्याने एकमेकींना घासायच्या. मग दत्ता टेलरच्या बापाचं. शिलाईमशीनचं पायडल जनाच्या डोळ्यांच्या रेषेत असायचं. म्हाताऱ्याच्या डाव्या पायाचा अंगठा सगळ्या बोटांपासून वेगळा उभा राहायचा. चिंध्या दाराशी पडायच्या, त्यातल्या लाल ती वेचायची. मग काकणवाली, तिच्या दाराला पडदा, पडद्याखालून फक्त काकणं भरायला बसलेल्या बायांचे गुडघे दिसायचे. शेवटी लोहार. त्याच्या भात्याच्या पायाशी राखाडी रंगाचं कुत्रं, त्याच्या कानाला भाजल्याचा डाग.

"दगडावर काही खूण?"

"तीन खाचा. मधली खोल. आन एका कोपऱ्यात सुपारीयेवढी खळगी. त्यात भाजलेली काजूबी ठेवून मी फोडायची. कोयता घासायला कोन आला की हात काढून घ्यायची."

नवीनने हे सगळं लिहिलं. दुकानं त्याने जबाबाच्या क्रमाने, विहिरीपासून शाळेकडे, कागदावर मांडली. खाली जनाचा अंगठा घेतला. मागे उभा राहून शुक्रा ऐकत होता.

"दुकानं बरी येवढी ध्यानात हायत तुझ्या," तो म्हणाला. "कुत्र्याचा कान पण ध्यानात हाय. गिऱ्हाईक एक नाय सांगितलंस."

"गिऱ्हाईक आयेचं काम व्हतं," जना म्हणाली.

शनिवारी दुपारी चार वाजता नवीनने ठेकेदाराच्या सुपरवायझरला राजी केलं. खड्डा एकच, आणि तोही एकदाच. जनाने विहिरीच्या कठड्याला टोपली टेकवली, मग उचलून तिच्या पुढे ठेवली, अशी सात वेळा. टोपली कर्जतच्या बुरडाकडची, माप तेच, हातभर आणि चार बोटं. सातव्या टोपलीच्या पलीकडे शुक्राने पहार मारली. नवीनने टेप लावला. विहिरीपासून साडेबारा फूट.

वरचं डांबर उन्हाने मऊ झालं होतं, पहार रुतायची. खालचा थर कडक होता. पहारेचा दणका मनगटातून खांद्यात जायचा आणि शुक्रा दर पाच-सहा घावांनंतर तळहात मांडीला पुसायचा. बघायला वीसेक माणसं जमली होती.

"शुक्रा, हंडा लागला तर बायकोला नंबर कशाला रं?" फळवाल्याने विचारलं.

"लागला तर रिकामा करून तुलाच धुवायला देतो," शुक्रा म्हणाला आणि घाव घातला.

डांबराखाली खडी लागली. खडीखाली मुरूम. मुरुमाखाली काळसर माती, तिच्यात गवताचं पाचट आणि एक गंजलेली साखळी. दगड नव्हता. खड्डा दोन फुटांचा चार फूट झाला. जना कडेला गुडघ्यांवर बसून हाताने माती बाहेर ओढत होती. करवंदाच्या चिकाने काळी पडलेली बोटं आता वरपर्यंत काळी झाली.

"कोंडवाड्यात काय खणतोय रं शुक्रा?"

दत्ता टेलर होता. दोन दिवस खालापूरला दाखल्यासाठी हेलपाटे घालून आत्ताच बसमधून उतरला होता. हातात प्लॅस्टिकची फाईल.

"कोंडवाडा?" नवीनने विचारलं.

"हितं गुरांचा कोंडवाडा होता साहेब. ती साखळी दिसत नाय का? आमचं दुकान स्टँडच्या अंगाला होतं. विहिरीच्या पार तिकडच्या बाजूला."

नवीनने नकाशा दाखवला. दत्ताने चष्मा वर करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"जने, दुकानं समदी बरोबर लावलीस गं. मीठ, दोर, आमी, काकणवाली, लोहार. आमच्या बापाचा अंगठा पण लिव्हलाय. फक्त समदी विहिरीच्या ह्या अंगाला कशी आली? स्टँडकडं जायाला पायजेत."

नवीन जनाकडे वळला. "मावशी, आई उजव्या म्हणते. हे पण तेच म्हणतायत. तुझा जबाब आहे म्हणून मी इथे खणलं. आता तू सांग. डाव्या की उजव्या?"

शुक्रा तिच्या बाजूला वाकला. "उजव्या म्हण," तो पुटपुटला. "काय जातंय तुझं?"

जनाने डोळे मिटले. ते उघडून विहिरीकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

"मला डाव्याच हाताला दिसते," ती म्हणाली. "नाय दिसत ते कसं सांगू?"

नवीनने फाईल मिटली. तो रागावलेला नव्हता. "मग माझ्या हातात काही नाही. अर्जात जी जागा तीच मी खणू शकतो. मंगळवारी यादी वर जाते."

माणसं पांगली. सुपरवायझरने घड्याळ पाहिलं आणि शुक्राला हाक मारली.

"बायकोचा खड्डा आहे ना? मग तूच बुजव. आणि पाणी मारून ठोक नीट, नाहीतर काँक्रीट तिथेच तडकेल."

शुक्राने खड्डा बुजवला. जनाने पाणी आणून दिलं. सहा वाजता दोघं शेवटच्या टेंपोने फाट्यापर्यंत गेली आणि तिथून चढ चालत गेली.

रविवारी पहाटे जना रानात गेली. कोंडाणे लेण्यांच्या वरच्या उतारावर करवंदं संपत आली होती. जाळ्या बाहेरून रिकाम्या, फळ उरलं होतं ते आत, काट्यांच्या मध्ये. हात घालताना तळवा वर ठेवायचा आणि काढताना खाली. उलट केलं की काटा मनगटात तुटतो. चुलत भावजय सुंदरा शेजारच्या जाळीवर होती.

"सोड की गं ते," सुंदरा म्हणाली. "माझ्यासंगं चल फार्महाऊसवर. भांडी घासायची, लाद्या पुसायच्या. सावलीतलं काम. तिथं कोन इचारत नाय, तू नेमकी कुठं बसायचीस म्हनून."

"बसायला देतात का तिथं?"

सुंदराने एक करवंद तोंडात टाकलं आणि बी थुंकली. "तेवढं सोडून समदं देतात," ती म्हणाली.

जना अकराला घरी आली. जेवण झाल्यावर ओटीवर करवंदं निवडायला बसली. कच्ची वेगळी, फुटकी वेगळी, देठाची पाटीत. अंगणात ऊन पांढरं पडलं होतं. अंबाबाई तिच्या शेजारी अंगणाकडे तोंड करून बसली होती आणि पळसाची पानं बोटांनी चाचपून द्रोण टाचत होती. बिनडोळ्यांचे तिचे द्रोण जनाच्या द्रोणांपेक्षा नीट व्हायचे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पाठ भरून आली. जरा पाठ दे गं."

जना टोपली घेऊन फिरली आणि आईच्या पाठीला पाठ लावून बसली. अंबाबाईने सगळं अंग मागे टाकलं. मणके जनाला एकेक लागत होते. आता जनासमोर घराची भिंत होती, दाराचा उंबरा, दोरीवरचं धुणं. कुडाच्या फटीतून शेजारची बकरी आत आली आणि टोपलीकडे निघाली. जनाने न उठता पाय लांब करून तिला हुसकलं.

"बकरी का?" अंबाबाईने विचारलं.

"बकरीच."

"बाजारात पन अशाच मागनं यायच्या. पाला दिसला का घातलंच तोंड. म्हनून तर तुला मागं बसवायची."

जनाचा हात करवंदांत थांबला.

"मागं म्हंजी कशी, आये?"

"कशी म्हंजी? अशीच. पाठीला पाठ. मला टेकायला भिताड कुठं व्हतं तिथं? तू टेकायला व्हतीस आन बकऱ्या हाकलायला."

"मग माझं तोंड कुठं व्हायचं?"

"दुकानांकडं. अजून कुठं?"

जनाने करवंदांतला हात बाहेर काढला. मग ती म्हणाली, "आये, तुझा उजवा हात लांब कर."

अंबाबाईने द्रोण खाली ठेवला आणि उजवा हात बाजूला लांब केला. जनाने आपला डावा हात लांब केला. दोन्ही हात एकाच अंगाला, चुलीकडे गेले. मनगटाला मनगट लागलं. म्हातारीच्या दोन बांगड्या जनाच्या हाताला टेकल्या.

"काय गं?" अंबाबाईने विचारलं.

"विहीर," जना म्हणाली.

संध्याकाळी शुक्रा आला. रविवार असूनही काम चालू होतं. स्टँडच्या अंगाला त्यांनी दिवसभर लोखंडी सळ्यांची जाळी अंथरली होती. जनाने त्याला सगळं सांगितलं आणि खात्री पटावी म्हणून अंबाबाईला पुन्हा बसवून दाखवलं. शुक्राने दोघींकडे पाहिलं आणि डोक्याचा गमछा सोडला.

"म्हंजी सासू बरोबर."

"आन मी पन," जना म्हणाली.

"पन काँक्रीट उद्या दुपारी पडतंय. स्टँडकडनंच सुरू."

"मग सकाळी जाऊ."

सोमवारी साडेनऊला तिघं चौकात पोहोचली. नवीन यायला दहा वाजून पाच मिनिटं झाली. जनाने त्याला काही सांगितलं नाही. तिने अंबाबाईला विहिरीच्या स्टँडकडच्या अंगाला नेलं, सात टोपल्या मोजल्या आणि जाळीच्या सळ्यांवर पोतं टाकून आईला रस्त्याकडे तोंड करून बसवलं. मग स्वतः तिच्या पाठीला पाठ लावून बसली. टोपली दोघींच्या बाजूला ठेवली.

"आजी, विहीर कुठल्या हाताला?" ती मोठ्याने म्हणाली, नवीनच्याच आवाजात.

"उजव्या," अंबाबाई म्हणाली.

"आन माझ्या डाव्या."

नवीन उभा राहून पाहत होता. त्याने विहिरीकडे पाहिलं, गाळ्यांकडे पाहिलं, मग फाईल उघडून नकाशाचा कागद काढला आणि रस्त्याची रेघ खोडून खालच्या कडेला ओढली. वरचा रस्ता खाली आला. मीठ, दोर, टेलर, काकणं, लोहार, सगळी दुकानं विहिरीपासून स्टँडकडे गेली.

"रस्ता वर मीच काढला," तो म्हणाला. "तुला विचारलं पण नाही." मग जबाबाचं पान काढून म्हणाला, "म्हणजे जबाब बदलायचा."

"नाय," जना म्हणाली. "डावाच हात राहूदे. तोंड तेवढं फिरव."

नवीनने मोबाईल काढून दोघींचा तसाच, पाठीला पाठ लावून बसलेला फोटो घेतला. अंबाबाईने आवाज ऐकला आणि पदर डोक्यावर ओढला, पण तोवर फोटो निघाला होता. दत्ता टेलर दुकान अर्धं उघडं टाकून आला. त्याने आपल्या बापाच्या मशीनची जागा पायाने दाखवली. जना म्हणत होती त्या जागेत आणि त्याच्या जागेत दोन पावलांचं अंतर होतं.

"दोन पावलं तू मोठा झालास म्हनून," अंबाबाई म्हणाली.

सुपरवायझर ऐकायला तयार नव्हता. जाळी कापायची नाही, बांधलेली सळई सोडायची नाही. मिक्सर साडेअकराला येतोय. नवीन त्याच्याशी वीस मिनिटं बोलला. शेवटी सुपरवायझर म्हणाला, मिक्सर आधी शाळेच्या टोकाला लावतो. एक वाजेपर्यंतची वेळ. तोवर जाळीच्या चौकटीतून हात घालून काय ते बघा.

सळ्यांमधल्या फटी टीचभर होत्या. पहार आत फिरत नव्हती. शुक्राने छिन्नी आणि हातोडी घेतली, पालथा झोपला आणि एका फटीतून डांबर फोडायला लागला. सळ्या तापल्या होत्या, छातीखाली त्याने गमछा घडी करून घेतला. वरचा थर. खालचा थर. जना पत्र्याच्या डब्याने तुकडे काढत होती. नवीनने बूट काढून ठेवले आणि सळ्यांवर उकिडवा बसला. यावेळी बघायला माणसं कमी होती. फळवाला एक लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन आला, तो त्याने शुक्राच्या डोक्याशी ठेवला आणि गाड्याकडे परत गेला.

बारा वाजून अठरा मिनिटांनी छिन्नीचा आवाज बदलला.

शुक्राने हातोडी बाजूला ठेवली. जनाने फटीतून हात घालून माती सारली. काळा दगड, वरून गुळगुळीत. नवीनने मोबाईलचा उजेड पाडला. दगडावर बोटभर रुंदीची एक खाच होती आणि तिच्या शेजारी दुसरी, अधिक खोल.

"दगड कुठलाही असू शकतो," सुपरवायझर वरून म्हणाला. "जुन्या पायाचा असेल."

"जबाबात तीन खाचा आहेत," नवीन म्हणाला. "आणि कोपऱ्यात खळगी."

शुक्राने शेजारच्या फटीतून फोडायला घेतलं. बारा एकतीसला तिसरी खाच दिसली. मधली खोल होती. कोपरा मात्र दोन सळ्या एकमेकींवर बांधल्या होत्या त्या गाठीच्या खाली गेला होता. तिथे शुक्राचा हात जात नव्हता. नवीनचा मनगटाशी अडला. जनाने प्रयत्न केला, सळईने तिच्या हाताचं कातडं सोललं.

"सरका," अंबाबाई म्हणाली.

तिने बांगड्या उतरवून जनाच्या हातात दिल्या. शुक्राने तिला आडवी केली. तिचा हात फटीतून आत गेला, मनगट गेलं, कोपर गेलं. सळईला गाल टेकवून ती पडून राहिली, डोळे उघडे. आत बोटं हळूहळू सरकत होती.

"खळगी लागली तर नंबर नक्की?" जनाने विचारलं.

"लागली तर मी तसं लिहितो," नवीन म्हणाला. "फोटो जोडतो. द्यायचं की नाही ते उद्या वर ठरेल." फाईल त्याच्या मांडीवर उघडी होती. अंबाबाईच्या नावापुढे जागेच्या रकान्यात शनिवारी त्याने रेघ मारली होती. ती त्याने खोडली आणि रकाना मोकळा ठेवला.

शाळेच्या टोकाला मिक्सर सुरू झाला. चौकाची जमीन बारीक थरथरायला लागली.

"आजी, लागतंय का काही?"

"थांब रं पोरा," अंबाबाई म्हणाली. "माती बसलीय आत. आधी काढूदे."

तेव्हा एक वाजायला बावीस मिनिटं होती.